घरटी एक खोका

वस्तादांशी माझी ओळख त्यांच्या पंजापासून सुरू झाली. मी अकरावीत होतो. घोडेगावात हमरस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं दुकान होतं, कॅसेटमध्ये गाणी भरून देण्याचं. मी काउंटरवर एक जुनी कॅसेट ठेवली आणि म्हणालो, ही पुसून नवी गाणी भरा. त्यांनी ती उचलली, अंगठ्यानं दाबून पाहिली, आणि माझ्या गालावर अशी चपराक बसली की रस्त्यावरचा ट्रक मला दोनदा दिसला.

"उनात ठिवली हुतीस?"

"सायकलच्या हँडलला पिशवी होती..."

"मंग आता तूबी बस उनात. वाकतोस का बघू."

आणि खरोखरच मला दुकानाच्या पायरीवर बसवून ठेवलं. वाकलेली कॅसेट त्यांनी उघडली, आतलं रीळ दुसऱ्या खोळीत बसवलं, त्यावर गाणी भरली, मग बाहेर येऊन मला चहा पाजला. त्याच हातानं. गाल चुरचुरत होता आणि चहा फार गोड होता. घोडेगावात वस्तादांचा मार न खाल्लेलं गिऱ्हाईक परगावचं समजलं जाई.

एके काळी ते खरेच पैलवान होते. दोन्ही कान चुरगळलेल्या कणकेसारखे. कुठल्याशा जत्रेत समोरच्यानं मान दाबताना डावा कान कायमचा गेला होता, त्यामुळे हेडफोन लावताना डावीकडची वाटी ते नुसती लोंबकळत ठेवायचे आणि उजव्यानं ऐकायचे. तो एक कान इतका तल्लख होता की चालू टेपच्या आवाजावरून त्याचा पट्टा सैल झालाय हे त्यांना समजायचं. कुस्ती सुटल्यावर हा धंदा का धरला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "हे बोटाचं काम हाय, म्हनून धरलं. हाताचं काम धरलं असतं तर चार-दोन मानसं मेली असती."

मेली नाहीत, पण जायबंदी पुष्कळ झाली. एका ड्रायव्हरनं ट्रकच्या काचेसमोर उन्हात वाळत घातल्यासारख्या ठेवलेल्या कॅसेटी आणून "तुमचा माल फालतू" म्हटलं, तेव्हा वस्तादांनी त्याला काउंटरवरून ओढून घेतला. ड्रायव्हर बाहेर पळाला तो चाक खोलायची लोखंडी टामी घेऊन परत आला. टामी वस्तादांच्या खांद्यावर बसली, वस्तादांचं डोकं ड्रायव्हरच्या तोंडावर बसलं, आणि एक दात डबल डेकच्या झाकणावर टक्कन पडला. वस्तादांनी तो कागदात बांधून त्याच्या खिशात घातला. वर म्हणाले, "जपून ठिव. त्योबी उनात ठिवू नको." पुढं तो ड्रायव्हर नगरहून संभाजीनगरला जाताना दर खेपेला थांबायचा आणि पुढच्या फटीतून शीळ घालत आत यायचा.

यंत्रांनाही ते मारायचे. डेक अडला की कुशीत एक ठोसा. बाजाराच्या दिवशी एकदा खिल्लारी बैल दावं तोडून दुकानात घुसला, तेव्हा सगळे पळाले आणि वस्ताद मात्र त्याच्या शिंगांना धरून गुडघ्यावर बसले. बैल फुरफुरत होता, वस्तादांच्या मनगटाची कातडी सोलून निघाली होती, आणि हे त्याला शिव्या देत होते, "मागं सर, रांडंच्या, रेकार्डिंग चालू हाय!" ती कॅसेट एका भजनी मंडळाची होती. त्यात अभंगाच्या मधोमध ही शिवी स्पष्ट ऐकू येते असं म्हणत. मंडळानं ती बदलून मागितली नाही. गावभर नकला काढून वाटल्या.

त्यांना जरब होती ती फक्त वहिनींची, म्हणजे त्यांच्या बायकोची. वहिनी मागच्या खोलीत चूल पेटवता पेटवता पुढचा आरडाओरडा ऐकायच्या आणि फुंकणी घेऊन बाहेर यायच्या. "कुनाला मारताय वो?" एवढं विचारलं की एवढा थोरला गडी हात पाठीमागं घ्यायचा. एकदा फुंकणी खरंच बसली. वस्ताद डोकं चोळत मला म्हणाले, "हिच्याशी कुस्ती न्हाई हुत. ही चित करून वर बसती आन मंग भाकरी थापती."

गाण्यांच्या बाबतीत त्यांचा एक कायदा होता. "कोणतीही भरा" असं म्हणणाऱ्याला ते हाकलून द्यायचे. "ताटात कुनी कायबी वाढलं तर खाशील का? जा, इच्यार करून ये." माणूस विचार करून यायचा, गाणी सांगायचा, आणि मग वस्ताद एका वेळी दोन कॅसेटी भरायचे. एक गिऱ्हाइकाला, दुसरी स्वतःकडे. कारण त्या काळात टेप रीळ गिळायचे. गिळलं की माणूस रडकुंडीला येऊन दुकानात येई, आणि वस्ताद आपल्या जवळची काढून त्यावरून नवी करून देत. या राखीव कॅसेटींसाठी त्यांनी बुटांचे रिकामे खोके जमवले होते. घरटी एक खोका. त्यात त्या घरानं आजवर काय काय ऐकलं ते सगळं.

आणि कुणी गाव सोडून निघालं, पोरीचं लग्न ठरलं, नोकरदाराची बदली झाली, की वस्ताद त्याच्या वाटणीच्या कॅसेटी काढून हातावर ठेवायचे. "माझ्याकडं ठिऊन मी काय करू? तू ऐकलंस, तुझं हाय. घिऊन जा." शिर्डीला हॉटेलात कामाला निघालेल्या एका पोराला त्यांनी असा खोका दिला तेव्हा तो पोरगा आई मेल्यासारखा रडला होता. वस्तादांनी त्याला गप्प करायला पाठीत धपाटा घातला.

एकाचं ऐकणं दुसऱ्याला मात्र सांगायचं नाही. आमच्या गावातला एक नवरा दुकानात येऊन विचारू लागला, माझी बायको कसली गाणी भरून नेते? वस्ताद म्हणाले, "इचार की तिला. घरातच हाय ना ती?" नवरा हटेना, तेव्हा त्याला कमरेला धरून उचलला आणि गटारात उभा केला.

इथपर्यंत मी वस्तादांविषयी अनेकदा बोललो आहे. लोक हसतात. यापुढचं मी कधी बोललो नाही.

वडील लवकर गेल्यामुळे आमचं घर चुलत्यांच्या, आण्णांच्या हाती होतं. बागाईत, दावणीला बैल, चार माणसांत वजन. घरात टेप ऐकणारे दोघेच, मी आणि माझी धाकटी बहीण शालन. खोका अर्थात एकच. मी कॉलेजला गेल्यावर एकदा दुकानात गेलो तर मागच्या खोलीत गायन पार्टीचं रेकॉर्डिंग चालू होतं. आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतली मंडळी होती. वस्तीतला एक तरुण, फॅक्टरीचा टेम्पो चालवायचा, तो पुढं उभा राहून जयंतीची गाणी गात होता. पाठीमागं कोरसमध्ये त्याची बहीण होती. ती माझ्या वर्गात होती. वर्गात मी तिचा आवाज कधी ऐकला नव्हता, कारण ती पहिल्या बाकावर गप्प बसायची आणि मी शेवटच्या. त्या दिवशी ऐकला.

पुढच्या आठवड्यात मी वस्तादांना म्हणालो, त्या पार्टीची कॅसेट मला एक द्या. त्यांनी हेडफोन काढून काउंटरवर ठेवला.

"म्होरचा आवाज ऐकायला का मागचा?"

त्यांनी पाठीत एक रट्टा घातला आणि कॅसेट भरायला लावली. "ऐक की. ऐकल्यानं कुनाचं काय जातंय?"

ती कॅसेट मी गवताच्या गंजीआड बसून, आवाज बारीक करून ऐकायचो. तिच्याशी मी शेवटपर्यंत एक शब्द बोललो नाही. हे सांगतो कारण पुढं जे झालं ते सगळं एका न बोललेल्या मुलीच्या मागच्या आवाजासाठी झालं.

शालनचं लग्न ठरलं. शेवगावकडचा मुलगा, मास्तर, तिला आवडलेला. वस्तादांनी मला रस्त्यात गाठून सांगितलं, "दिल्या, भनीचा खोका द्यायचाय. येऊन तुझं तुझं काढून घे." मी हो म्हणालो. गेलो नाही. परीक्षा होती, लग्नाची धावपळ होती, असं काहीबाही. खरं म्हणजे आमच्या खोक्यातली त्या पार्टीची राखीव कॅसेट त्यांच्यासमोर हातात घ्यायची मला लाज वाटत होती. शेवटी शालनच गेली आणि वस्तादांनी खोका जसा होता तसा तिला दिला. त्यांचा हिशेब साधा होता. घर एक, भाऊ-बहीण सख्खे, घरी गेल्यावर काढतील आपलं आपलं.

अंगणात बायका कुरडया घालत होत्या. चुलतभावानं टेप बाहेर आणला आणि खोक्यातल्या कॅसेटी एकेक लावायला सुरुवात केली. सिनेमातली गाणी लागली तशी एक मावशी म्हणाली, "शाले, सासरी जाऊन नाचनार हाईस व्हय गं?" सगळ्या हसल्या. शालनही हसली. मग दुसरी कॅसेट लागली.

दोन ओळी झाल्या असतील. आण्णा बाजेवर उठून बसले.

"बंद कर त्ये. ह्यो तर वस्तीवरच्या त्या टेम्पोवाल्या पोराचा आवाज."

टेप बंद झाला. सोऱ्या फिरायचा थांबला.

"ही कॅसेट कुनाची?"

शालननं टेपकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. घरात टेप ऐकणारे दोघेच होते, त्यातली ती एक. तिला लगेच कळलं. मी खाली कुरडयांकडे पाहत राहिलो. मला कुणी विचारलंच नाही. आवाज पुरुषाचा, खोका पोरीचा, आण्णांना तेवढं पुरे होतं. त्यांनी तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला आत ओढत नेलं.

त्यांनी तिला उसाच्या टिपरानं मारलं. एक तुटलं तसं दुसरं मागवलं. चुलतभावानं आणून दिलं. "कवापासनं चालूय? बोल!" एवढंच परत परत ऐकू येत होतं. आई दारात पदराचा बोळा तोंडात घालून उभी होती. मी गोठ्यात गेलो आणि कडबा तोडायला लागलो, जोरजोरानं, म्हणजे आतलं ऐकू येऊ नये. तरी आलं. मनगटाचं हाड मोडलं तेव्हाची किंकाळी विळ्याच्या आवाजाच्या वर आली. तिनं माझं नाव घेतलं नाही.

मग आण्णा बाहेर आले. घामानं निथळत होते. त्या पोरानंच वस्तादांच्या हातून कॅसेट पाठवली, एवढं वस्तादांच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि तिथून सरळ वस्तीवर जायचं, असं ठरलं. बैलांच्या जुवातल्या शिवळा, ती हातभर लाकडी दांडकी, उपसून घेतल्या. आण्णा, दोन चुलतभाऊ आणि मी. मला कुणी ओढून नेलं नाही. मी चालत गेलो.

त्या दिवशी जनावरांचा बाजार होता. रस्त्यावर बैल, म्हशी, व्यापारी, टेम्पो. आम्ही दुकानात शिरलो तेव्हा वस्तादांनी हेडफोन काढला.

"ही कॅसेट आमच्या पोरीला कुनी दिली?"

"म्या दिली."

"कुनाच्या सांगन्यावरनं भरली?"

"गिऱ्हाइकाच्या."

"कोन गिऱ्हाईक? त्यो टेम्पोवाला?"

"त्याचा काय संबंध न्हाई. पोरीचाबी न्हाई. ह्याच्या म्होरं मी सांगत नसतो."

"न्हाई कसा सांगत?"

तोवर त्यांना मी दिसलो. आण्णांच्या पाठीमागं उभा होतो. वस्तादांना चौघांना लोळवणं अवघड नव्हतं. मी त्यांना बैलाला शिंगांना धरून थोपवताना पाहिलं होतं. त्यांनी मला पाहिलं, एकदा आण्णांकडे पाहिलं, आणि दोन्ही हात काउंटरवर उताणे ठेवले. ते तिथून हलवले नाहीत. मी आजही ठरवू शकत नाही की ते हात माझ्यासाठी ठेवले होते की एकदा उचलले तर मुडदा पडेल म्हणून.

पहिली शिवळ बोटांवरच बसली. मग कोपरावर, बरगड्यांवर. लाकूड हाडावर बसतं तेव्हा आवाज फार होत नाही. प्रत्येक फटक्याला आण्णा विचारायचे, "कोन?" आणि वस्ताद नाकातून श्वास सोडायचे. भुवई फुटून रक्त डेकच्या बटणांत उतरलं. वहिनी फुंकणी घेऊन धावत आल्या, त्यांना चुलतभावानं मागच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी घातली. त्या आतून दार बडवत होत्या.

"तू का हुबा?" आण्णा माझ्याकडे वळले. "भईन कुनाची हाय? हान!"

एक शब्द बोललो असतो तर सगळं थांबलं असतं. माझी आहे, एवढाच. माझ्या हातात शिवळ होती. वस्तादांनी माझ्याकडे पाहून जबडा आवळला, फटका कुठून येणार हे कळलेल्या पैलवानासारखा. मी मारली. उजव्या कानावर. सगळ्या ताकदीनं मारली. मला वाटतं, त्यांचं ते पाहणं बंद व्हावं म्हणून.

ते खाली बसले. कानातून रक्त येऊन गळ्यावर ओघळलं. "पाया पडतो" किंवा "सोडा" असं काही ते म्हणाले नाहीत. नावही सांगितलं नाही. नाव न मिळाल्यामुळे वस्तीवर जाण्याचं राहिलं, आणि तो सगळा राग मग दुकानावर निघाला. आण्णांच्या पोरांनी खोके रस्त्यावर फेकले. गावातल्या घराघराची गाणी ट्रकांच्या चाकांखाली कडाकडा मोडली. रिळं सुटली. बाजारातून निघालेल्या बैलांच्या शिंगांना, खुरांना तपकिरी फिती गुंडाळल्या गेल्या, आणि ते बैल तसेच लोंबत्या फिती घेऊन आपापल्या गावी गेले.

तक्रार झाली नाही. वस्तादांनी दवाखान्यात बैलानं मारलं असं सांगितलं. शेवगावकडच्या मंडळींना कुणीतरी कुजबूज पोचवली आणि लग्न मोडलं. शालनला घाईघाईनं आष्टीकडच्या एका बिजवराला दिली. बोहल्यावर तिचं मनगट फडक्यात बांधलेलं होतं. ते वाकडंच जुळलं.

वस्तादांचा उजवा कान गेला. आता दोन्ही गेले. त्या जागी काही महिन्यांनी दुसऱ्याचं पंक्चरचं दुकान आलं. आणि वस्ताद जनावरांच्या बाजारात दलाली करू लागले. तिथला सौदा तोंडानं होतच नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरतो. ऐकू येण्याची गरज नाही. मोडून जुळलेली ती बोटं त्या कामाला कशी चालायची कोण जाणे, पण चालायची. लोक म्हणत, वस्तादाच्या हाताखाली खोटा भाव टिकत नाही, बोटातनंच कळतं त्याला.

नव्वदीच्या अखेरीला मला नाशिककडे नोकरी लागली. जाण्याआधी मी बाजारात गेलो. वस्ताद एका म्हशीशेजारी उभे होते. मला पाहून त्यांनी सवयीनं माझा हात ओढून रुमालाखाली घेतला. मी बोलायला लागलो. भोवती जनावरं ओरडत होती, मी घाईघाईनं बोलत होतो, माझी होती, मी सांगायला हवं होतं, असं काही. ते माझ्या तोंडाकडे पाहतच नव्हते. रुमालाकडे पाहत होते.

"हात कापतोय तुझा," ते म्हणाले. बहिऱ्या माणसासारखे फार मोठ्यानं. "तोंड नको हलवू. मला ऐकू येत न्हाई. आन मला कशाला सांगतोस? मी हुतो की तिथं. पोरीला सांग. तिचे कान चांगले हाईत."

मग माझं बोट असं पिरगाळलं की मी ओरडलो. ते हसले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

पोरीला सांगायला मला वीस वर्षांहून जास्त लागली. दर दिवाळीला ती यायची, मला ओवाळायची, वाकड्या मनगटानं ताट धरायची. दर वेळी मी उद्या म्हणायचो. मागच्या वर्षी वस्ताद गेले. त्यांच्या दहाव्याला घाटावर वहिनी माझ्याजवळून गेल्या आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. तिथूनच मी आष्टीकडची गाडी धरली.

शालन रानात कांदा काढत होती. मी बांधावर उभा राहून सगळं सांगितलं. तिनं खुरपं थांबवलं नाही.

"मला काय सांगतोस, दादा? मला त्याच दिवशी कळलं हुतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हनून." मग तिनं खुरपं पदराला पुसलं. "ज्यांनी मारलं त्यांना सांग. चल. मी येते."

आण्णा आता अर्ध्या अंगानं गेलेले आहेत. माजघरात खाटेवर असतात, डोकं मात्र शाबूत. आम्ही उभे राहिलो. मी सांगितलं. कॅसेट माझी, मी मागितली, मी ऐकली. आण्णा आढ्याकडे पाहत होते.

"मंग त्या वस्तादाला उगा मारलं म्हनायचं," ते म्हणाले.

"आन मला?" शालन म्हणाली.

आण्णांनी मान भिंतीकडे वळवली. बाहेर सोप्यात सुना, शेजारच्या बायका गहू निवडत बसल्या होत्या. मी म्हणालो, "तुलाही उगाच मारलं. गाणी माझी होती."

"मोठ्यानं म्हन," शालन म्हणाली. "बाहीर बायका बसल्यात."

मी मोठ्यानं म्हणालो.